दिवसाची बंडी

वैरागडला आलेला पाहुणा आधी हिऱ्यांची चौकशी करतो. त्याचं काही चूक नाही. अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त इथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली आहे. चांद्याच्या गोंड राजांनी गडचिरोलीतल्या आजच्या आरमोरी तालुक्यात हा भुईकोट राखला, त्यामागे या खाणींची ओढ असणारच. आता हिरे नाहीत. खंदक आहे, झाडांच्या मुळांनी फोडलेला दगडी तट आहे आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा परकोट २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी झाडंझुडपं काढून मोकळा केला. पण चंद्रपूर शहर आहे, तिथं हात मिळतात.

वैरागडच्या तटाच्या सावलीत एका तरुणाचं घर होतं असं समजा. मातीच्या भिंती, वर कवेलू. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. नवं घर बांधायचं तर कायदा आडवा. जुन्या वास्तूंचा कायदा १९५८चा. २०१०च्या दुरुस्तीनं संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद केलं. पडक्या घराची दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगीनं. त्यानं अर्ज दिला, कागद जोडले, पुन्हा जोडले. मंजुरी येईना. शेवटी एका रात्री त्यानं बंडी जुंपली आणि ज्या तटानं आपलं घर अडवलं त्याच तटाचे सात दगड जोत्यासाठी उचलून आणले. मला यात चोरीपेक्षा सूडच जास्त दिसतो.

सकाळी आजा अंगणात आला.

"कोठून आनले रे हे?"

"किल्ल्याचे. पडले होते."

"पडले होते का पाडले?"

नातू गप्प. मग एकदम उसळला, "आपल्या तलावाच्या तुडुमात कोनते दगड आहेत? किल्ल्याचेच ना? तुज्याच आज्यानं आनले म्हनतेस. तवा चाललं, आता मी चोर?"

आजा खाली बसला. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी वावरात सोडायची मोरी. या मुलखातल्या तलावांची गोष्ट तो शंभरदा सांगून चुकला होता. चांद्याच्या हिरशहा राजानं म्हणे दवंडी दिली: जंगल तोडून जो वावर करील, वावर त्याचं, जो तलाव बांधील, त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन त्याची. किल्ल्यांच्या भिंती राजांनी बांधल्या, तलाव लोकांनी. भिंतीकडे राजा गेल्यावर कोणी पाहिलं नाही. तलावाची पाळ मात्र दर उन्हाळ्यात लोक माती टाकून नीट करत राहिले, कारण धान त्यावरच पिकायचं.

"हो, आनले," आजा म्हणाला. "तुडूम फुटलं होतं, खंदकात दगड गळून पडले होते, ते आनले. सारा गाव बसला, मग आनले. दिवसा आनले. अन् त्यातला एकबी दगड कोनाच्या घरात गेला नाई."

"मग माज्या घराचं काय? राजाच्या भिंतीले १०० मीटर, अन् माज्या भिंतीले?"

यावर आजा बराच वेळ बोलला नाही. "याचं उत्तर माज्यापाशी नाई," तो म्हणाला. "तू बरोबर बोलतेस. पन ज्यानं तुजा कागद अडवला, त्याचा राग त्याच्यावर काढ. या दगडानं तुजं काय केलं?"

दुपारी भर उन्हात नातवानं तेच सात दगड पुन्हा बंडीत घातले. लोक ओट्यांवरून बघत होते. किल्ल्यावर चौकीदाराला सांगून तो भिंतीशी गेला, आणि तिथं खरी गंमत सुरू झाली. दगड बसेना. रात्री पहारीनं एक झटका देताच निघालेला दगड आता कोणत्याच बाजूनं खाचेत जाईना. खाली बारीक चिपा होत्या, त्या त्यानं ओढताना सांडल्या होत्या. मागची भर ढिली होऊन मातीसकट घसरत होती. बांधणाऱ्यानं प्रत्येक दगडाला त्याचा शेजारी नेमून दिला होता. हे त्याला घाम पुसत पुसत उमगलं. चौकीदारानंच शेवटी हात धरला. "राहू दे. तू बसवलास तर आणखी दोन पडतील. यासाठी वेगळे कारागीर लागतात." त्यानं सातही दगडांवर चुन्यानं आकडे घातले आणि ते पायथ्याशी रांगेत ठेवले.

कारागीर आले नाहीत. पाऊस मात्र आला. सात दगडांच्या जागेतून पाणी आत शिरलं, भर वाहून गेली आणि पोळ्याच्या सुमारास वरचा चांगला बैलगाडीभर तट खाली आला. त्या दगडांवर आकडे घालायला कोणी नव्हतं. तरुण तिकडून जाताना नजर खाली घालत नसे. उलट थांबून बघत असे, आणि किती सुटलं ते चौकीदाराला जाऊन सांगत असे. घराच्या मागच्या भिंतीला त्यानं तट्टा बांधला. अर्ज अजून चालूच होता. कागद आता तो स्वतः तालुक्याला नेई आणि पोच घेतल्याशिवाय उठत नसे.

दिवाळीनंतर शेजारचा एक जण अंधार पडल्यावर आला. त्यालाही जोतं भरायचं होतं.

"आज रातच्याले तुजी बंडी दे ना."

"घेऊन जाजो," तरुण म्हणाला. "पन दिवसा. अन् मीबी संगं येतो."

शेजारी थोडा वेळ उंबऱ्याशी उभा राहिला, धानाच्या भावाचं काहीतरी बोलला आणि बंडी न घेताच निघून गेला.