सोडून दिलेल्या जमिनीतला पुदिना

पुदिना कोठेही येतो, असे आपण सहज म्हणतो. बाजारातून आणलेल्या जुडीची पाने चटणीसाठी खुडून घ्यावीत, उरलेल्या काड्या मोरीच्या तोंडाशी खोचून विसरून जावे, आणि काही दिवसांनी पाहावे तो त्यांना पालवी फुटलेली! मग कौतुकाने उद्गार निघतो, "काही केले नाही, तरी कसा फोफावला!"

हेच वाक्य आपण माणसांविषयीही उच्चारतो. आईबापांविना वाढलेला एखादा मुलगा शिकून मोठा होतो. वर्षानुवर्षे पाळकाविना राहिलेली खेड्यातली मंडळी उपासना टिकवून धरते. त्यांच्याकडे बोट दाखवून आपण इतरांना विचारतो, "यांना जमले, मग तुम्हांला का जमू नये?" परंतु टाकलेल्या जमिनीत एक रोप तरारले, म्हणून टाकणाऱ्याचा दोष नाहीसा होतो काय?

प्रथम रोपाकडेच नीट पाहू. आपला नेहमीचा पुदिना, ज्याला स्पिअरमिंट म्हणतात, तो मुळात ओलाव्याचा भोक्ता. त्याचे बळ जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या खोडांत असते. त्यांच्या पेरापेराला मुळे व कोंब फुटतात. वरचा पाला उन्हाने करपला तरी खाली जीव राहू शकतो आणि पाऊस पडताच तो वर येतो. कोरड्या जागेत मुद्दाम लावायचा तर शेणखत हवे, पालापाचोळ्याचे आच्छादन हवे, दुपारची सावली हवी आणि मुळे धरेपर्यंत नेमाने पाणी हवे. पुढे तो पुष्कळ सोसतो. म्हणून ओसाड कोपऱ्यात पुदिना जोमदार दिसला, की मी आधी गळका नळ किंवा धुण्याच्या पाण्याचा ओघळ शोधतो. बहुधा तो सापडतोच.

त्या मुलाच्या बाबतीतही शोधावे. रात्रीची भाकरी वाढणारी शेजारीण, गुपचूप फी भरणारे मास्तर, असे कोणीतरी निघते. मंडळीच्या अहवालात मात्र त्यांचे नाव नसते. आणि ज्या काड्या वाळून गेल्या, त्या कोणी मोजल्या?

मत्तय २३:२३ मध्ये पुदिना येतो तो मोजणीच्या संदर्भातच. (ग्रीक शब्द 'हेद्युओस्मोन', म्हणजे गोड वासाचे.) त्याचा दशांश काटेकोरपणे देणाऱ्या परूश्यांना आपण हसतो. परंतु प्रभूने त्या दशांशाला चूक म्हटलेले नाही. न्याय, दया व विश्वास या अधिक भारी गोष्टी त्यांनी सोडून दिल्या, हा त्यांचा दोष. तेथे 'सोडून देणे' या अर्थी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच प्रभूच्या प्रार्थनेत ऋणांची क्षमा करण्यासाठी येते. भाषांतरकाराला मराठी येथे साथ देते, कारण आपणही ऋण सोडतो आणि पोर वाऱ्यावर सोडतो. वाक्यात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत. व्यवहारात मात्र आपण दुसऱ्याला पहिल्याचा साज चढवून म्हणतो, "आम्ही त्याला मोकळे सोडले, म्हणूनच तो घडला." असे म्हणायचेच झाले, तर ते त्या पोराने म्हणावे.