एकदा विकलेला माल

आमच्या डोणगावात स्टँडवरून बाजाराच्या रस्त्याला लागलं, की बहुतेक दुकानांत गल्ल्याच्या वर दोन पाट्या दिसतात. एक, 'आज रोख, उद्या उधार'. दुसरी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. पहिल्या पाटीवर खुद्द दुकानदाराचाही विश्वास नसतो. दुसरी मात्र तो प्राणपणानं पाळतो. मागं एकदा बनियनचा जोड आखूड निघाला म्हणून परत करायला गेलो, तर त्यानं बनियन बदलून देण्याऐवजी मला पोट कमी करण्याचा सल्ला दिला. तोसुद्धा फुकट, म्हणजे आज रोख उद्या उधारच्या तत्त्वाला धरून नव्हे.

आयुष्याची सत्तेचाळीस वर्षं मी ह्या दुसऱ्या पाटीला ग्राहकाची वैरीण समजत आलो. पण तिच्यात ग्राहकाला केवढं मोठं अभयदान दिलेलं आहे, हे मला गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्री कळलं.

झालं असं. माझा मेहुणा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार वर्षांपूर्वी दिवाळीला येताना त्यानं माझ्या आईसाठी पेढ्याच्या डब्याएवढी एक गोल डबी आणि तिच्या हुकमात चालणारे दोन दिवे आणले. आईचं वय शहात्तर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आणि तिच्या खोलीतलं दिव्याचं बटण पार दाराशी. ते तिथं का, तर घर बांधताना वायरमनला तिथं सोयीचं पडलं म्हणून. ह्या डबीशी नुसतं बोललं की पलंगावर बसल्या बसल्या दिवा लागतो, असं मेहुण्यानं सांगितलं. आईनं लगेच "लाईट लाव वं बाई" म्हणून पाहिलं. डबी ढिम्म. मग कळलं, की तिला हिंदी समजतं, वऱ्हाडी समजत नाही. झालं! आईच्या हिशेबी हिंदी बोलणारी बाई म्हणजे एक तर रेल्वेतली, नाही तर दिल्लीची. त्या दिवसापासून ती डबीशी बोलताना डोक्यावर पदर घ्यायला लागली. "बत्ती जलाओ जी." दिवा लागला की वर "भोत अच्छा किया" असं प्रशस्तिपत्र. एवढ्या वर्षांत हे प्रशस्तिपत्र मला मिळालेलं नाही.

आम्ही हसायचो. पण एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं, की तिला रात्री दोनदा उठावं लागतं. डबी येण्यापूर्वी ती मला हाक मारायची, आणि मारण्याआधी अर्धा अर्धा तास मारू की नको याचा विचार करत पडून राहायची. डबी आली आणि तिची रात्र तिच्या ताब्यात आली.

आणि त्या दिवशी मी पहाटे पाचला उठलो, तर आई अंधारात पलंगावर बसलेली.

"कवाची बसली वं?"

"दोन वाजले असतीन." 'जलाओ' म्हणून झालं होतं, 'जी' लावून झालं होतं. "रागावली दिसते बाई. काल मी तिले अच्छा किया म्हटलं नाही."

"मंग मले हाक काऊन नाही मारली?"

"तुले सकाळी बँक हाये ना."

डबीच्या कपाळावर एक नारिंगी ठिपका लुकलुकत होता. एरवी तो निळा असायचा.

सकाळी गजाननला बोलावलं. शेगाव आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळं गजानन ह्या नावाचा आमच्याकडं तुटवडा नाही, पण हा गजानन वायरिंगवाला. आमच्याकडं कुठलीही दुरुस्ती ठोकण्यापासून सुरू होते. त्याप्रमाणं त्यानं डबी ठोकली, कानाशी धरून हलवली, उलटी केली आणि हात टेकले. "साहेब, हे तं चिटकवेल हाये. स्क्रूच नाही एकबी. ज्यानं बनवलं त्यालेच वाटत नसन, का कोनी उघडावं."

पुण्याला फोन लावला. मेहुणा शांतपणे म्हणाला, "भाऊजी, रात्री फर्मवेअरचं अपडेट आलं असणार. त्यात गंडली."

मी बी.कॉम. फर्म म्हटलं की मला १९३२ चा भागीदारी कायदा आठवतो. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातल्या चिपवर लिहून ठेवलेल्या सूचना. उठायचं कसं, ऐकायचं कसं, दिवा लावायचा कसा. कंपनी अधूनमधून इंटरनेटवरून नव्या सूचना पाठवते, आणि यंत्र जुन्या पुसून नव्या लिहून घेतं. ह्या लिहिण्यात चूक झाली, किंवा दुसऱ्याच मॉडेलच्या सूचना ह्याच्या पोटात गेल्या, तर उठायचं कसं हेच ते विसरतं. शहाणे कारखानदार जुन्या सूचनांची एक प्रत शेजारी जपून ठेवतात, म्हणजे नवं बिघडलं तर जुन्यावर परत येता येतं. पण त्याला जागा लागते, आणि जागेला पैसे लागतात. आमच्या बँकेत एवढे गोंधळ होतात, पण आधी जुनं लेजर जाळून मग नवं लिहायला घ्यायचं, असं अजून कुणाला सुचलेलं नाही.

असं मेलेलं यंत्र असलं, की त्याची 'वीट झाली' असं ह्या धंद्यातले लोक इंग्रजीत म्हणतात. पंढरपूरची वीट वगळली, तर विटेचा इतका उपयोग नसलेला प्रकार मी पाहिलेला नाही. ही भिंतीतही बसवता येत नाही. मात्र मला वीट आला, हे खरं.

मग ग्राहकसेवेला फोन. ती पोरगी गोड बोलली. डबी बंद करून चालू केली का? केली. मग ती म्हणाली, की ह्या मॉडेलचा आधार कंपनीनं काढून घेतला आहे, पण नव्या डबीवर मला दहा टक्के सूट मिळेल. मी म्हटलं, बाई, मी काही मागायला आलो नाही. माझी चालू वस्तू तुम्ही बंद पाडली, ती चालू करा. त्यावर तिनं सांगितलं, की आमच्या अटी तुम्हीच मान्य केल्या आहेत. कधी? तर चार वर्षांपूर्वी दिवाळीत, मेहुण्यानं तोंडात करंजी असताना 'मान्य आहे'वर बोट दाबलं होतं, तेव्हा.

इथं मला जास्त बोलता येईना. कारण कर्जाच्या कागदांवर "इथं, इथं, आणि मागं इथं" असं बोट ठेवत सह्या घेणं हेच माझं अर्धं आयुष्य आहे. एखादा शेतकरी वाचायला लागला, तर मागची लाईन त्याच्यावर ओरडते आणि मी लाईनच्या बाजूचा असतो.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. विकणं म्हणजे काय? कॉलेजात आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा होता. त्याच्या १४ व्या कलमात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की विकत घेणाऱ्याला माल शांतपणे, कुणाच्या अडथळ्याशिवाय बाळगता आणि वापरता आला पाहिजे. परीक्षेत मी हे कलम पाठ करून लिहिलं होतं. शांतपणे म्हणजे काय हे तेव्हा कळलं नव्हतं, आता रात्री दोनचा संदर्भ मिळाला.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. गहाण सोनं आमच्या तिजोरीत असतं, पण मालकी गिऱ्हाइकाची. उलट ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी उभा असतो, पण त्याच्यावर बोजा आमचा. मात्र शेवटचा हप्ता भरला, की आम्ही 'येणे बाकी नाही' असा दाखला देतो आणि मग त्या ट्रॅक्टरचं तुम्ही काय वाटेल ते करा. ही डबी मेहुण्यानं रोखीनं घेतलेली. बोजा नाही, बाकी नाही. तरी तिची किल्ली त्यांच्याकडं! घर तारण ठेवून कर्ज बुडवणाऱ्यालासुद्धा २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणं आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आईला ६० सेकंदांची मिळाली नाही. घसाऱ्याचीही मला दोनच पद्धती शिकवल्या होत्या, समान हप्त्याची आणि घटत्या शिलकीची. एका रात्रीत शून्य, ही तिसरी नवीन.

मेहुण्यानं माझं सांत्वन करण्यासाठी जगातली उदाहरणं सांगितली. २००९ साली ॲमेझॉननं लोकांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलमधून रातोरात काढून घेतली, पैसे परत करून. विकणाऱ्याकडं त्यांचे हक्कच नव्हते, हे कारण. पुस्तक कुठलं, तर ऑर्वेलचं '१९८४'! नंतर मालकानं जाहीर माफी मागितली. २०१६ च्या मे महिन्यात गूगलच्या घरातल्या नेस्ट कंपनीनं रिव्हॉल्व नावाची ३०० डॉलरची डबी बंद केली. ती विकताना 'आयुष्यभराची सेवा' असं सांगितलं होतं. कुणाचं आयुष्य, ते लिहायचं राहिलं असावं. आणि २०१७ साली अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीनं एका मॉडेलचं अपडेट चुकून दुसऱ्या, जुन्या मॉडेलच्या कुलपांना पाठवलं, आणि सुमारे ५०० दारांची कुलपं आकडे ऐकेनाशी झाली. बरं, दुरून दुरुस्त करावं तर कुलपाचा कंपनीशी संपर्कच तुटलेला. हे ऐकून मी उठलो आणि आमच्या दाराचं पितळी कुलूप एकदा ओढून पाहिलं.

एक खरं, की वरून न विचारता येऊन पडणाऱ्या गोष्टी आमच्या जिल्ह्याला नव्या नाहीत. लोणारचं सरोवर तसंच झालं. पण त्या उल्केनं आधी कुणाकडून 'मान्य आहे' दाबून घेतलं नव्हतं.

आपल्याकडं १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत काढली, १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ ला नवा आला. २०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचं पोर्टलही काढलं. चांगलंच केलं. पण वाण्याच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच बोटाला लागते. ही चिंच पुण्याच्या की बंगलोरच्या की अमेरिकेच्या तराजूला आहे, हे शोधायला मी कुठं हात घालू?

इथं लेख संपवून कंपनीच्या नावानं बोटं मोडत बसता आलं असतं. पण मेहुण्यानं एक वाकडा प्रश्न टाकला. "अपडेटच नको म्हणता का भाऊजी?" २०१६ साली म्हणे चोरांनी जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला होता. कारखान्यातून येतानाचा पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. म्हणजे दार कधीच दुरुस्त केलं नाही, तरी चोर येणार. मी गप्प बसलो. त्याच्या बोलण्यानं नव्हे, मला एक आजी आठवली.

३१ डिसेंबर २०१८ नंतर नुसत्या काळ्या पट्टीची जुनी एटीएम कार्डं बंद करून चिपची द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. योग्यच होता. त्या पट्टीची नक्कल फार सहज व्हायची. त्या जानेवारीत शेजारच्या खेड्यातली एक आजी काउंटरवर आली. श्रावणबाळचे पैसे काढायला तिनं ते चार आकडे मोठ्या कष्टानं पाठ केले होते, आणि त्यामुळं पैसे काढायला पुतण्याच्या पाया पडणं सुटलं होतं. तिनं कार्ड माझ्यासमोर धरलं, दोन्ही बाजूंनी दाखवलं. "चांगलं हाये ना बाबू. कोठी तुटलं नाही, फुटलं नाही. मंग काऊन चालत नाही?"

मी म्हटलं, "वरून बंद झालं, आजी." आणि पुढच्याला बोलावलं.

मोबाइलवर संदेश पाठवले होते, पाटीही लावली होती. तिच्याकडं मोबाइल नव्हता, आणि तिला वाचता येत नव्हतं. नवं कार्ड यायला काही आठवडे लागले. तोवर ती पुतण्याबरोबर येत होती. तो मागं उभा राहायचा आणि नोटा तोच मोजून घ्यायचा. आदेश योग्य होता हे मी आजही म्हणेन. पण कार्ड बंद व्हायच्या आधी एक फॉर्म काढून तिचा अंगठा घ्यायला मला पाच मिनिटं लागली असती. डिसेंबरात ती दोनदा तरी माझ्यासमोर येऊन गेली होती.

ग्राहकसेवेच्या त्या पोरीला मी मनातल्या मनात जे जे बोललो होतो, त्यातलं बरंच परत घेतलं. कंपनीला बोललेलं मात्र ठेवलं आहे. किल्ली ज्याला स्वतःकडं ठेवायची आहे, त्यानं रात्री दोनला हाकेलाही उठावं. नाही तर किल्ली देऊन टाकावी आणि गल्ल्यावर ती पाटी लावावी.

गजाननला पुन्हा बोलावलं. त्यानं डबीचे दिवे काढून साधा दिवा लावला आणि पलंगाच्या उशाशी वायरीला लोंबणारा बेड स्विच बसवून दिला. सामान आणि मजुरी मिळून दीडशे रुपये झाले.

"याले अपडेट येत नाही ना रे?" मी विचारलं.

"येते ना," गजानन म्हणाला. "उंदरानं वायर कुरतडली का मी येतो."

डबी मी भंगारात टाकायला निघालो होतो, आईनं टाकू दिली नाही. ती अजून तिच्या उशाशी औषधांच्या डब्याशेजारी बसलेली असते. "असू दे बिचारी," आई म्हणते, "तिले तरी कोठी इचारलं होतं कोनी."

रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या खोलीतून 'टक्' असा आवाज येतो. पाच-सात मिनिटांनी पुन्हा एकदा 'टक्'. मी कूस बदलतो. सकाळी बँक असते.