देवदाससाठी रडावं का?

बेळगावात आमच्या बस्तीच्या मागं एक खोली आहे. चातुर्मासात तिथं प्रवचनाच्या सतरंज्या असतात, एरवी ती रिकामीच. महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही दहा-बारा बायका तिथं पुस्तक घेऊन बसतो. मागच्या खेपेला शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'देवदास' घेतली होती. मला वाटलं, कादंबरी छोटी, कथा सगळ्यांना पाठ, तासाभरात उरकेल. उरकली नाही. चहा गार झाला, उन्हं कलली, ज्यांना सूर्यास्ताआधी घरी जाऊन जेवायचं होतं त्याही उठेनात.

पहिल्यांदा बोलल्या त्या आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. "रडका मुलगा. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता." आम्ही हसलो, पण त्या हसत नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, की पार्वती अब्रूची पर्वा न करता रात्री त्याच्या खोलीत येते, तेव्हा याच्या तोंडून 'हो' निघत नाही. कलकत्त्याला गेल्यावर नकाराचं पत्र लिहितो, ते टाकल्यावर पस्तावतो आणि परत येतो. ज्याला वेळेवर एक शब्द बोलता आला नाही, त्याच्या उरलेल्या आयुष्याला शोकांतिका का म्हणायचं?

बँकेत नोकरी करणारी एक सून आहे. तिनं तलावाकाठचं पान काढलं. पार्वती आता नकार देते, तोऱ्यात दोन शब्द बोलते, आणि देवदास हातातल्या गळाच्या काठीनं तिच्या कपाळावर मारतो. त्याचा व्रण तिच्या कपाळावर कायमचा राहतो. "याला आपण प्रेमाची खूण म्हणतो," ती म्हणाली. "उद्या मी असा व्रण घेऊन इथं आले, तर तुम्ही काय म्हणाल?" कुणीच काही बोललं नाही.

तिसरीचा रोख समाजावर होता. मुखर्जींचं घर जमीनदारांचं, चक्रवर्तींचं घर शेजारचं खरं, पण उतरत्या दर्जाचं, मुलीच्या लग्नात पैसे घेणाऱ्यातलं. म्हणून नकार. "आपल्यात तरी काय वेगळं आहे? पोटजात बघतो, घराणं बघतो, मुलाला किती एकर ते बघतो. त्या पोराला कशाला दोष देता?" चौथीला देवदासशी देणंघेणंच नव्हतं. ती चंद्रमुखीच्या बाजूची. बिमल रॉय यांच्या १९५५ सालच्या चित्रपटातल्या चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालांना साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही. ही भूमिका पार्वतीच्या बरोबरीची आहे, दुय्यम नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "बरोबर केलं," आमची मैत्रीण म्हणाली. "त्या पुस्तकात खरंखुरं बदललेलं माणूस एकच, आणि तिलाच लोक नावं ठेवतात."

आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी इतका वेळ पदरानं डोळे पुसत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरींनो, माणूस दारात मरून पडलाय, आणि तुम्ही हिशेब काय करायलाय?"

मग कुणीतरी म्हणालं, "आपला अनेकान्तच आहे की हा! सगळ्यांचंच बरोबर." सगळ्यांना बरं वाटलं. सतरंज्या गुंडाळल्या, आम्ही घरी आलो.

मला मात्र बरं वाटलं नाही. अनेकान्ताचा आपण असा सोयीचा उपयोग करतो, भांडण मिटवायला. एका वस्तूला अनेक बाजू असतात, आणि माझ्या हाती लागलेली बाजू म्हणजे अख्खी वस्तू नव्हे, इतकं अनेकान्त सांगतो. पण म्हणून काय करायचं हा प्रश्न सुटत नाही. पुस्तक मिटल्यावर मी रडायचं की नाही? आणि असा देवदास आपल्याच घरात असला, तर त्याच्याशी वागायचं कसं? तिथं 'सगळ्यांचंच बरोबर' म्हणून चालत नाही. आमच्या घरात असा एक देवदास होता, म्हणून मला हे ठाऊक आहे.

माझे धाकटे काका. निपाणीला तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. तरुणपणी त्यांचं एका मुलीवर मन बसलं होतं. मुलगी दुसऱ्या जातीची, आजोबांनी नाही म्हटलं. काका आजोबांपुढं एक शब्द बोलले नाहीत. दोन वर्षांनी चिकोडीकडच्या एका खेड्यातली मुलगी बघून त्यांचं लग्न लावून दिलं. ती माझी काकू.

काका प्यायला कधी लागले, हे मला सांगता येणार नाही. मद्य, मांस, मध यांचं नाव घ्यायचं नाही अशा घरात ते एक गुपित होतं, आणि सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सूर्यास्तानंतर आमच्याकडं चूल पेटत नसे. काकांचं ताट काकू झाकून ठेवायची. ते अकराला यायचे, कधी बाराला. ती जागी असायची. कधी ताट रिकामं व्हायचं, कधी भिंतीवर जायचं. आम्ही मुलं पांघरुणात डोळे मिटून पडलेलो असायचो.

सकाळी आज्जी म्हणायची, "माझ्या लेकराचं मन मोडलंय." आत्या आली की तीही तेच म्हणायची. माझी आई म्हणायची, "भावजी मुळात किती हळवे!" आईजवळ 'देवदास'ची एक मराठी प्रत होती, पहिली पानं गेलेली. शरदबाबूंना मराठी माणसांच्या घरात आणलं ते मुख्यतः मामा वरेरकरांनी. आमच्याकडची प्रत कुणाची होती, हे फाटलेल्या पानांबरोबर गेलं. आई माडीवर बसून ती वाचायची आणि रडायची. मला आता वाटतं, ती देवदाससाठी रडायची तसं काकांसाठीही रडायची. आमच्या अख्ख्या घरानं काकांवर माया केली ती त्या पुस्तकातून शिकून, ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनीसुद्धा.

आणि त्या मायेवर काकांचं भागायचं. मन मोडलेल्या माणसाला कोण बोलणार? पगार घरी आला नाही तरी कुणी विचारायचं नाही. काकूनं शेवया केल्या, पापड लाटले, लोकांचे परकर शिवले, दोन मुलांना शाळेत घातलं. तिचं मन मोडलंय का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

एका दुपारी काकूनं आईकडून ते पुस्तक मागून घेतलं. दोन दिवसांत वाचलं, परत आणून दिलं. आईनं विचारलं, "कसं वाटलं गं?"

काकू म्हणाली, "चांगलं आहे. त्या देवदासाचं लगीन झालं नाही, हे लई बरं झालं. कुणाची तरी पोर वाचली."

आईनं ते पुस्तक ट्रंकेत ठेवलं. पुन्हा बाहेर काढलेलं मी पाहिलं नाही.

'देवदास'विषयी मी पुष्कळ मतं ऐकली आहेत, पण याहून खरं मत ऐकलेलं नाही. कादंबरीत देवदास एकटाच नासतो. चंद्रमुखी त्याची शुश्रूषा करते ती स्वतःच्या मर्जीनं. म्हातारा नोकर धर्मदास त्याच्या मागोमाग फिरतो, तोही प्रेमापोटी. जिला निवड नाही, अशी बायको त्या घरात नाही. खऱ्या देवदासांची लग्नं होतात. घरचे लोकच लावून देतात, सुधारेल म्हणून.

आणि ती मुलगी, जिच्यापायी हे सगळं? ती याच भागात नांदली. तिला नातवंडं झाली. आमच्या घरातल्या रडण्याचा तिला पत्ताही नसावा. पार्वतीचंही तसंच आहे ना? हातीपोत्याला ती बिजवराच्या घरी जाते, तिथं वयानं मोठी झालेली सावत्र मुलं, आणि ती तो संसार हाती घेते, त्या मुलांची माया मिळवते. तिचंही मन मोडलेलं असतंच. पण तिला ते मिरवायची सवड नसते.

तर मग मुख्याध्यापिकांचंच बरोबर, असं म्हणून थांबावं का? मला थांबता येत नाही. शरदबाबूंनी ही कादंबरी ऐन तरुणपणी लिहिली, ती पुस्तक होऊन आली १९१७ साली. मधली कितीतरी वर्षं ती तशीच पडून होती, आणि ती छापायला ते स्वतः फारसे उत्सुक नव्हते. आपल्या नायकाचा दुबळेपणा त्यांनी कुठं झाकलेला नाही. काठीचा तडाखा त्यांनीच लिहिलाय. आणि तरीही शेवटी ते कथा सोडून थेट वाचकाशी बोलतात. देवदासला चांगला म्हणा, असं ते मागत नाहीत. मागतात ते एवढंच, की असा कुणी अभागी भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा. मरताना कुणाचा तरी मायेचा हात कपाळावर असावा, कुणाच्या तरी डोळ्यांत थेंबभर पाणी दिसावं. ज्यानं दुसरीच्या कपाळावर व्रण केला, त्याच्या कपाळासाठी हात मागायचा! मागणं अवघड आहे. ते अवघड आहे हे लेखकाला ठाऊक होतं, असं मला वाटतं.

तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्या आहेत, लहानपणी पाठशाळेत पाठ केलेल्या: मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य. सगळ्या जीवांशी मैत्री. गुणांनी मोठा असेल त्याला पाहून आनंद, तो प्रमोद. जो क्लेशात आहे त्याच्याविषयी कारुण्य. आणि सांगून जो ऐकत नाही, ज्याला शिकायचंच नाही, त्याच्याविषयी माध्यस्थ्य, म्हणजे राग नाही, लोभही नाही, त्याच्यामागं धावणं नाही. पाठशाळेत मला वाटायचं, माणसांचे चार ढीग आहेत, प्रत्येकाला आपापल्या ढिगात टाकायचं. शनिवारचं आमचं भांडण तेच होतं. आजींनी देवदासला क्लेशवाल्यांच्या ढिगात टाकलं, मुख्याध्यापिकांनी न ऐकणाऱ्यांच्या. चंद्रमुखीवाल्या मैत्रिणीला प्रमोद सापडला होता, तिला पुढच्या वादात रस नव्हता.

पण मला आता वाटतं, ते माणसांचे ढीग नव्हेतच. एकाच माणसात क्लेशही असतो आणि न ऐकणंही असतं, बहुतेक वेळा एकमेकांत गुंतलेलं. कर्मग्रंथांत मोहनीय कर्माला दारूची उपमा देतात: प्यालेल्याला आपलं हित कशात ते कळत नाही. म्हणून तो दुःखात नसतो असं नाही, आणि दुःखात आहे म्हणून त्याची जबाबदारी सुटते असंही नाही. आमच्या घरची चूक काकांची दया येण्यात नव्हती. आम्ही नुसती दया केली, मध्यस्थ राहिलो नाही. त्यांच्या दुःखावर माया करता करता त्यांच्या मोहाला खायला घातलं. आणि जी शेजारी ताट घेऊन उभी होती, तिच्या वाट्याची करुणासुद्धा काकांच्याच पदरात घातली.

काकांचं यकृत गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पोट फुगलेलं, डोळे पिवळे. शेवटचे आठ-दहा दिवस काकू त्यांच्या उशाशी बसून होती. दरवर्षी क्षमावाणीला काका गल्लीत सगळ्यांपुढं हात जोडायचे. तिच्यापुढं त्यांनी कधी जोडले नव्हते, आणि तेव्हाही जोडले नाहीत. ती ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसायची, कपाळावर हात ठेवायची, कानाशी णमोकार म्हणायची. ती रडली नाही. आज्जी रडत होती, आत्या रडत होती, आई रडत होती.

पुष्कळ दिवसांनी मी तिला विचारलं, "काकू, तू त्यांना माफ केलंस का गं?"

ती शेवया वाळत घालत होती. म्हणाली, "माफ करायला कुणी मागितलं होतं? तहान लागलेली त्यांना. पाणी दिलं."

मी कितीदा तरी या उत्तराचा विचार केलाय. शरदबाबूंनी मागितलेला हात तिनं दिला, पण त्या हातामागं एकही खोटा शब्द नव्हता. 'बिचारे', 'हळवे', 'मन मोडलेले' असलं काही तिनं काकांना ते जिवंत असताना म्हटलं नाही, गेल्यावरही म्हटलं नाही. झालं ते झालंच होतं, आणि समोर तहानलेला जीव होता. दोन्ही तिला एकदम दिसत होतं. आम्हाला दोन्हींपैकी एकच दिसायचं.

आईच्या ट्रंकेतली ती प्रत आता माझ्याकडं आहे. शनिवारनंतर मी शेवटची पानं पुन्हा वाचली. थंडीतली रात्र, पांडुआ स्टेशनापासून निघालेली बैलगाडी, 'अजून किती लांब' म्हणून विचारणारा तो आजारी माणूस, हातीपोत्याला त्या घरासमोर टेकणं, आणि पार्वतीला कळेपर्यंत झालेला उशीर. डोळ्यांत पाणी आलं. पुसलं नाही. पण मग पान उलटून मागं गेले, आणि तलावाकाठचा प्रसंगही पुन्हा वाचला. पुढच्या शनिवारी आजींच्या शेजारी बसून मी हेच सांगणार आहे: रडू या की, रडायला काही हरकत नाही. फक्त त्याचं ताट झाकून कोण बसलंय, तिच्याकडंही एकदा बघू या.