सही भागीदाराची, भिस्त आर्टिकलवर

कंपनीच्या ताळेबंदाखाली ऑडिटरची सही असते. ती पाहून बँक कर्ज देते, गुंतवणूकदार शेअर घेतो, पुरवठादार उधारीवर माल सोडतो. सही फर्मच्या भागीदाराची. पण तिच्यापर्यंत पोचलेल्या कागदांपैकी बहुतेक त्याने स्वतः पाहिलेले नसतात. ते पाहिलेले असतात सीए इंटर होऊन नुकत्याच लागलेल्या आर्टिकलने, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये उमेदवारी करणाऱ्या विशीतल्या पोराने किंवा पोरीने. बाजाराचा एवढा मोठा विश्वास फर्ममधल्या सर्वांत नवख्या आणि सर्वांत स्वस्त माणसाच्या नजरेवर उभा आहे. हे सगळ्यांना माहीत आहे, पण मनावर कोणी घेत नाही.

आर्टिकलचं काम तसं साधं दिसतं. व्हाउचिंग करायचं, म्हणजे खर्चाच्या नोंदीमागचं बिल काढून रक्कम, तारीख, मंजुरी जुळवायची. बँक रिकन्सिलिएशन तपासायचं. 31 मार्चला गोदामात उभं राहून माल मोजून घ्यायचा. बँकांना आणि ग्राहकांना शिलकेची खातरजमा मागणारी पत्रं पाठवायची. घरी कोणी विचारलं तर मुलं सांगतात, ‘टिक मारतो.’ सरही त्याला खालचं काम समजतात. डोक्याचं काम वर, मॅनेजर आणि भागीदार यांच्या पातळीवर चालतं, असा समज आहे.

ऑडिटचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. 1938 साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. पुस्तकांत दाखवलेला कोट्यवधी डॉलरचा माल गोदामांत नव्हताच, कारण ती गोदामंच नव्हती. ऑडिटरांनी कागद तपासले होते. माल पाहायला कोणी गेलं नव्हतं, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे जाण्याची गरजही नव्हती. त्यानंतर मालमोजणीला हजर राहणं आणि येणी परस्पर विचारून पक्की करणं हे नेहमीचे नियम झाले. आज चाकणच्या शेडमध्ये पोती मोजणारं पोर या घोटाळ्यामुळे तिथे उभं असतं, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

सत्यम या आपल्याच सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण आणखी जवळचं. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की रोख आणि बँक शिलकेत 5,040 कोटी रुपये खोटे आहेत. हा आकडा पकडायला अगाध विद्वत्ता लागत नव्हती. बँकेला आपण स्वतः पत्र पाठवायचं आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवायचं, एवढंच. 2011 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय फर्मांवर नेमका हाच ठपका ठेवला: खातरजमेच्या पत्रांवरचा ताबा त्यांनी कंपनीच्याच हाती सोडला होता. 60 लाख डॉलरचा दंड झाला. म्हणजे जे काम ‘आर्टिकल बघेल’ म्हणून खाली ढकललं जातं, तिथेच भिंत खचली होती.

हे काम कठीण का, तर ते माणसांच्या समोर करायचं असतं. क्लायंटचा अकाउंटंट तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला. चहा सांगतो, प्रेमाने विचारपूस करतो आणि अडचणीच्या नोंदीवर बोट ठेवलं की म्हणतो, ‘बाळा, हे दरवर्षी असंच असतं.’ मोठ्यांना उलटून बोलू नये या संस्कारात वाढलेल्या मुलीने तरीही नम्रपणे म्हणायचं असतं, ‘काका, पण कागद दाखवा ना.’ आर्टिकलशिपचा गाभा या एका वाक्यात आहे. कायदा क्लासमध्ये शिकता येतो, मानकं पाठ करता येतात. पण ‘दरवर्षी असंच असतं’ या वाक्यासमोर न हटणं कोणत्याही मॉड्यूलमध्ये नाही. त्यासाठी त्या टेबलापाशी बसावंच लागतं, आणि आपण हटलो नाही तर सर पाठीशी उभे राहतील याची खात्री लागते.

या शिकण्याची किंमत आपण काय लावली? इंग्लंडमध्ये एके काळी उमेदवारच गिनी मोजून फर्ममध्ये पाच वर्षं राबायचा. साहजिकच ऐपतदारांचीच मुलं या पेशात शिरायची. मुंबईत 1918 साली सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमा सुरू झाला, तेव्हा त्यालाही तीन वर्षांच्या आर्टिकलशिपची जोड होती. 1949 च्या कायद्याने सीएंची इन्स्टिट्यूट आली आणि परंपरा पुढे चालली. 2023 पासून मुदत दोन वर्षांवर आली. वीस लाखांवर वस्तीच्या शहरातही किमान स्टायपेंड पहिल्या वर्षी 4,000 आणि दुसऱ्या वर्षी 5,000 रुपये आहे. मोठ्या फर्म यापेक्षा बरंच जास्त देतात. पण नियमाने मागता येतो तो एवढाच, आणि सोलापूरहून पुण्यात आलेल्या मुलाचे तेवढे पैसे कॉट बेसिसवरची जागा आणि मेस यांतच संपतात.

खुद्द इंग्लंडने दरम्यान वाट बदलली. 2015 पासून तिथे डिग्री अप्रेंटिसशिप आहे: अठराव्या वर्षी फर्ममध्ये नोकरी, पगार चालू, अभ्यासाला कामाच्याच वेळेतून सवड, आणि फीचा भार शिकणाऱ्यावर नाही. ज्यांच्या मोठ्या पगारपत्रकांवर 2017 पासून अर्धा टक्का आकार बसतो, त्या कंपन्यांच्या पैशांतून हा खर्च निघतो. तरीही ऑडिटची सगळी दुखणी पैशाने बरी झाली नाहीत. कॅरिलियन ही बांधकाम कंपनी 2018 मध्ये बुडाली. तिच्या आणि रिजेनेर्सिस या दुसऱ्या कंपनीच्या ऑडिटबाबत नियामकाची दिशाभूल केल्याबद्दल 2022 मध्ये केपीएमजीला 1 कोटी 44 लाख पौंड दंड झाला. त्यात भागीदारावर बंदी आली, आणि संघातल्या कनिष्ठालाही कडक शब्दांत ठपका मिळाला. तुझ्या हातून गेलेल्या कागदाला तूही जबाबदार, असं त्याला बजावण्यात आलं. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. पण जबाबदारी वाटून द्यायची तर ‘नाही’ म्हणण्याची मुभाही वाटून द्यावी लागते.

आपल्याकडे ही मुभा नसल्याचं सर्वांत बोलकं लक्षण म्हणजे डमी आर्टिकलशिप. ऑफिसात न जाता कागदोपत्री हजेरी, आणि दिवस क्लासला. इन्स्टिट्यूटच्या लेखी हा गैरप्रकार आहे, तरी चर्चा थांबत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी शोधायच्या, त्याची पहिली खोटी नोंद स्वतःच्याच हजेरीची असते आणि तिच्यावर सही त्याच्या सरांची असते. मुलांना दोष देणं सोपं आहे. पण जे काम सगळेच बिनकिमतीचं मानतात, ते टाळावंसं वाटलं तर नवल नाही.

आता यंत्रं आली आहेत. नमुन्याची पंचवीस बिलं काढण्याऐवजी सॉफ्टवेअर वर्षभराचं सगळं लेजर चाळतं. बँकांची खातरजमाही ऑनलाइन होते. टिक मारण्याचं काम जाणार, याचा आनंदच मानावा. प्रश्न वेगळा आहे. विचित्र नोंद यंत्र दाखवून देईल. तिच्याबद्दल अकाउंटंटला विचारायला माणूसच जाणार. ज्याने बिलं हाताळलेली नाहीत, गोदामाची धूळ खाल्लेली नाही, त्याला उत्तरातली गडबड कशी कळणार? उद्याचा भागीदार आजच्या आर्टिकलमधूनच घडतो.

म्हणून सुधारणा मुदतीत आणि स्टायपेंडमध्ये हवीच, पण तेवढ्यावर भागणार नाही. आर्टिकलने विचारलेली प्रत्येक शंका आणि तिला वरिष्ठाने दिलेलं उत्तर वर्किंग पेपरमध्ये नोंदलं जावं. फर्मचं परीक्षण करणाऱ्यांनी आधी ती पानं उघडावीत. शंका एकही नसेल, तर क्लायंट निर्दोष आहे असं समजू नये; त्या ऑफिसात विचारण्याची सोय नाही असं समजावं. भागीदाराच्या सहीला किती मान द्यायचा, हे त्याच्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला ‘सर, मला हे पटत नाही’ असं म्हणता येतं का, यावरून ठरवावं.