रिमोट कुणाच्या हातात?

महाकाय यंत्रमानवांच्या जपानी कार्टून मालिका म्हणजे निव्वळ पोरखेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वयाने वाढलेल्या माणसाने त्या आवडीने पाहाव्यात, त्यांतली खेळणी कपाटात जपून ठेवावीत आणि वर त्यांच्यावर लेख लिहावा, हे अनेकांना पटणार नाही. मी मात्र या मालिकांचा जुना चाहता आहे आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. या पोरखेळात एक जुना आणि गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे माझे मत आहे. माणसाच्या हाती प्रचंड शक्ती आली, तर त्या शक्तीने केलेल्या कृत्यांचा जाब कुणी द्यायचा? यंत्राने, ते चालवणाऱ्याने, बनवणाऱ्याने की विकणाऱ्याने?

मुळात या परंपरेचा जन्मच युद्धाच्या राखेतून झाला. मित्सुतेरु योकोयामा हा चित्रकथाकार कोबे शहरातला. महायुद्ध संपले तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. बॉम्बफेकीत बेचिराख झालेले आपले शहर त्याने पाहिले होते. त्याने १९५६ मध्ये 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा सुरू केली. तेत्सुजिन म्हणजे लोखंडी माणूस. कथेनुसार जपानी लष्कराने युद्ध जिंकण्यासाठी गुप्तपणे बांधलेले हे शस्त्र. युद्ध संपते आणि शस्त्र मात्र शिल्लक राहते. शोतारो नावाच्या लहान मुलाच्या हाती त्याचा रिमोट येतो. तेत्सुजिनला स्वतःचे मन नाही. रिमोट शोतारोच्या हातात असेल तर तो निरपराधांना वाचवतो आणि चोराने रिमोट पळवला तर तोच तेत्सुजिन तेवढ्याच इमानाने चोराची चाकरी करतो.

हत्याराला नियत नसते, नियत माणसाला असते, असा याचा सरळ अर्थ कुणीही काढील. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण नेमके हेच वाक्य शस्त्रांचे व्यापारीही वापरतात. आम्ही फक्त यंत्र बनवले, त्याचे पुढे कुणी काय केले याला आम्ही जबाबदार नाही, असे ते म्हणतात. पण चाकू आणि बॉम्ब यांत फरक आहे. चाकूने भाजीही चिरता येते. शहर उद्ध्वस्त करण्यासाठीच बांधलेल्या यंत्राची नियत बांधणाऱ्याने त्याच्या रचनेतच लिहून ठेवलेली असते. शिवाय जो रिमोट चोरला जाऊ शकतो, तो कधी ना कधी चोरला जाणार, हे बांधणाऱ्याला आधीच कळायला हवे. आज हजारो मैल दूर बसून ड्रोन चालवणारी माणसे आहेत. तेव्हा योकोयामाने १९५६ मध्ये मुलांसमोर ठेवलेला हा प्रश्न आता मोठ्यांचा झालेला आहे.

याच योकोयामाची दुसरी कथा आपल्याकडच्या एका पिढीला ठाऊक आहे. जपानमध्ये १९६७-६८ साली 'जायंट रोबो' ही २६ भागांची मालिका दाखवली गेली. कार्टून नव्हे, प्रत्यक्ष नटांना घेऊन केलेली. तिची इंग्रजी आवृत्ती १९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' म्हणून आली आणि मनगटी घड्याळात तोंड घालून हुकूम सोडण्याचा खेळ गल्लोगल्ली सुरू झाला. यातला यंत्रमानव त्या एका मुलाच्या आवाजाखेरीज कुणाचेही ऐकत नाही. रिमोट चोरीला जाण्याचा धोका संपला. पण शेवटच्या भागात जे घडते ते विलक्षण आहे. शत्रूला मारले तर त्याच्या स्फोटात सारी पृथ्वीच नष्ट होणार असते. तेव्हा यंत्रमानव शत्रूला कवटाळून अवकाशात झेपावतो. मुलगा परत ये म्हणून ओरडत राहतो, पण तो परतत नाही. आयुष्यभर हुकूम पाळणारे यंत्र पहिल्यांदा हुकूम मोडते आणि त्या क्षणी ते यंत्र उरत नाही. आज्ञापालन म्हणजे नीती नव्हे, जबाबदारी स्वतःहून उचलावी लागते, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या शेवटाने अधिक चांगली सांगितली.

पुढे १९७२ मध्ये गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'ने यंत्रमानव चालवणाऱ्याला थेट त्याच्या डोक्यात नेऊन बसवले. हे यंत्र नातवाच्या स्वाधीन करताना मरणोन्मुख आजोबा बजावतात की, याच्या बळावर तू देव होऊ शकशील, तसाच सैतानही. आता रिमोट चोराने पळवला होता, ही सबब चालणार नव्हती. यंत्राचा हात म्हणजे तुमचा हात.

यापुढचे पाऊल योशियुकी तोमिनो यांनी १९७९ मध्ये 'मोबाईल सूट गंडाम'मध्ये टाकले. इथे यंत्रमानव चमत्कार राहिला नाही, रणगाड्यासारखे लष्करी साहित्य झाला. दोन्ही बाजूंना माणसे आहेत आणि शत्रूच्या सैनिकालाही घरदार आहे. नायक आमुरो पंधरा वर्षांचा. दुरावलेल्या आईला तो भेटतो आणि तिच्याच डोळ्यांसमोर शत्रूच्या सैनिकावर गोळी झाडतो. आई हादरून जाते. माझा मुलगा असा नव्हता, हे तिचे दुःख. मी मारले नसते तर मी मेलो असतो, हे त्याचे म्हणणे. दोघेही खरे बोलतात, म्हणून तो प्रसंग मनातून जात नाही.

आता अडचणीचा भाग. युद्धाची एवढी शोकांतिका सांगणाऱ्या या मालिकेला पैसा कुणी पुरवला? एका खेळणी कंपनीने. मुलांनी ती शस्त्रे विकत घ्यावीत, म्हणून. खेळणी अपेक्षेप्रमाणे खपेनात, तेव्हा ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांतच गुंडाळावी लागली. १९८० मध्ये बांदाई या दुसऱ्या कंपनीने तिचे प्लास्टिकचे जोडायचे संच बाजारात आणले, त्यांवर उड्या पडल्या आणि गंडाम अमर झाला. म्हणजे युद्धविरोधी कथा जिवंत राहिली ती युद्धयंत्रांच्या बाहुल्यांच्या विक्रीवर. कथेतल्या यंत्राचा रिमोट आमुरोच्या हातात होता, पण कथेचा रिमोट दुकानदाराच्या हातात होता!

अमेरिकेत तर हे उघडउघड घडले. हासब्रो कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीची रूप बदलणारी खेळणी घेतली, त्यांना नावे दिली, स्वभाव दिले आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' ही मालिका सुरू झाली. आधी माल, मग कथा. १९८६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. नवी खेळणी बाजारात येणार होती, म्हणून जुनी पात्रे दूर करायची होती. त्यात ऑप्टिमस प्राइम हा लाडका नायक मारला गेला. चित्रपटगृहांत मुले रडली. निर्मात्यांना ही कल्पनाच नव्हती. त्यांच्या लेखी तो जुना माल होता, मुलांच्या लेखी तो घरातला वडीलधारा माणूस होता. पुढल्याच वर्षी त्याला मालिकेत परत जिवंत करावे लागले.

मग हे सारे ढोंगच म्हणायचे काय? पैशासाठी सांगितलेली कथा खोटीच असते काय? मला तसे वाटत नाही. मशिदीचा मिंबर घडवणारा सुतारही मजुरी घेतो, म्हणून त्याचे काम नापाक ठरत नाही. मजुरी घेणे हा दोष नव्हे. मजुरीसाठी लाकूड बदलले, तर तो दोष. तोमिनो यांनी खेळणी कंपनीचे पैसे घेतले, पण आईच्या डोळ्यांतली भीती कथेतून काढली नाही. १९८६च्या चित्रपटात मात्र मृत्यूचा उपयोग फळीवरची जागा मोकळी करण्यासाठी केला गेला. आणि तरीही मुलांचे अश्रू खरेच होते. कथा सांगणाऱ्याची नियत काहीही असो, ऐकणाऱ्याची नियतही कथेला अर्थ देते. कोबेच्या नागाता भागाची १९९५च्या भूकंपात दैना झाली. तिथे २००९ मध्ये तेत्सुजिनचा सुमारे १५ मीटर उंचीचा पुतळा उभारला गेला. युद्धासाठी कल्पिलेले शस्त्र लोकांनी पुन्हा उभे राहण्याची खूण म्हणून स्वीकारले.

अशा कथांसाठी मी एक साधी कसोटी लावतो. यंत्रमानवाच्या पायाखाली कोण येते, हे कथा पाहते की नाही? या कसोटीवर २००७ पासून आलेले मायकेल बे यांचे 'ट्रान्सफॉर्मर्स' चित्रपट मला फार तोकडे वाटतात. पहिल्या चित्रपटाला अमेरिकी सैन्याचे सहकार्य होते आणि त्यात विमाने-रणगाडे नव्या मालासारखे चमकतात. आरंभीचा हल्ला कतारमधल्या तळावर होतो, पण वाळवंटातली वस्ती केवळ पार्श्वभूमी ठरते. २०११च्या तिसऱ्या चित्रपटात तर आपले लाडके यंत्रमानव मध्यपूर्वेतल्या एका 'बेकायदा' अणुकेंद्रावर चाल करून जातात. बेकायदा कुणी ठरवले, आत कोण होते, हे विचारण्याची उसंत कथेला नाही. शेवटी प्राइम दयेची याचना करणाऱ्या जखमी शत्रूला गोळी घालतो आणि संगीत त्याला विजय म्हणते. ज्यांच्या भूमीला जगाचा नकाशा नेहमी रणभूमी म्हणूनच दाखवतो, त्यांना हे खटकल्याशिवाय राहत नाही.

याउलट ब्रॅड बर्ड यांचा 'द आयर्न जायंट' हा १९९९चा चित्रपट पाहा. टेड ह्यूज यांनी १९६८ मध्ये लिहिलेल्या मुलांच्या पुस्तकावरून तो केला आहे. आकाशातून पडलेला लोखंडी महाकाय मुळात शस्त्र आहे. एक मुलगा त्याला शिकवतो की, तू कोण व्हायचे हे तूच ठरवतोस. आणि शस्त्र ठरवते की मी शस्त्र होणार नाही. पडद्यावर तो फारसा चालला नाही. दुःख याचे की, २०१८च्या 'रेडी प्लेअर वन' या चित्रपटात याच पात्राला पुन्हा लढाईत उतरवले गेले. ओळखीचा चेहरा दिसला म्हणून प्रेक्षक सुखावले. पात्र तेच राहिले, पण त्याने ज्यासाठी प्राण दिला ती गोष्ट हरवली. रूपांतर करणाऱ्याच्या हातात मूळ कृती अमानत असते. तपशील बदलावेत, काळ बदलावा, रंग बदलावा, पण तिने घेतलेला निर्णय उलटवू नये.

आपल्या घरांतही हा प्रश्न येतोच. ईदच्या मेळ्यात मुले ईदीच्या पैशांतून सगळ्यांत आधी प्लास्टिकची पिस्तुले आणि दिवे लुकलुकणारे यंत्रमानव घेतात. ती हिसकावून घ्यावीत, असे मी म्हणणार नाही. शक्तीचे आकर्षण मुलाला असणारच. बळ नसलेल्यालाच बळाचे स्वप्न पडते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण खेळणे हाती दिले की आपली जबाबदारी संपत नाही. त्याच्याशेजारी बसावे, त्याची लढाई पाहावी आणि एखाद-दुसरा प्रश्न विचारावा. तुझ्या यंत्रमानवाने ज्या घरावर पाय दिला, त्या घरात कोण राहत होते? रिमोट दुसऱ्या कुणी पळवला तर तू काय करशील? मुलाकडे उत्तर तयार नसेल. ते आपल्याकडेही नसते. पण ज्या मुलाला हा प्रश्न लहानपणी पडला, तो मोठेपणी कुणाच्या हुकमाने बटण दाबण्याआधी थोडा थांबेल, एवढी आशा मी बाळगतो.