खलनायकाचे वतन

एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा पुढील भाग निघणार अशी वार्ता कानी आली, म्हणजे रसिकांच्या मनात जो पहिला प्रश्न उभा राहतो तो बहुधा नायकाविषयी नसतो. नायकाचे केस पिकले, तो स्थूल झाला, किंवा त्याच्या जागी त्याचा मुलगा अगर पुतण्या आला, तरी ते सारे मुकाट्याने मान्य करण्याइतकी उदारबुद्धी आपल्या ठायी असते. परंतु खलनायक मात्र तोच हवा, त्याच आवाजाचा आणि त्याच नजरेचा हवा, आणि तो नट हयात नसेल तर ती जागा कायमची रिकामी ठेवावी, असा वारसाहक्काचा कज्जा आपण मनातल्या मनात दाखल करून बसतो. 'बॅटमॅन'च्या जोकरचेच पाहा. २००६ साली त्या भूमिकेसाठी हीथ लेजरची निवड जाहीर झाली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. २००८ च्या जानेवारीत तो तरुण नट निवर्तला, त्याच वर्षी जुलैत चित्रपट प्रदर्शित झाला, मरणोत्तर ऑस्करही त्यास मिळाले, आणि मग ही भूमिका यापुढे कोणी करूच नये असे म्हणणाऱ्यांचा एक पंथच निर्माण झाला. २०१९ साली वाकिन फिनिक्सने ती केली, आणि त्यासही ऑस्कर मिळाले. पंथ मात्र कायम आहे.

हे दूरदेशीचे झाले. असाच एक कज्जा आमच्या नगर जिल्ह्याच्या हद्दीतला आहे (सरकारी दप्तरात २०२४ पासून हा जिल्हा अहिल्यानगर झाला, एकाच भूमीने नवे नाव धारण केल्यावर जुन्या जिभा किती काळ अडखळतात, हे पाहण्यासारखे असते), आणि त्याच्या निमित्ताने माझ्या मनात जे तात्त्विक प्रश्न उभे राहिले, ते मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

११ मे १९५० रोजी जन्मलेले, आणि स्नेह्यासोबत्यांत तात्या या नावाने ओळखले जाणारे सदाशिव अमरापूरकर नगरचे. मराठी रंगभूमीवर 'हॅण्ड्स अप' या नाटकात ते काम करीत असता गोविंद निहलानी यांनी त्यांना पाहिले आणि 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टीच्या भूमिकेसाठी निवडले. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि १९८३ हे साल. त्यापूर्वीचा हिंदी खलनायक मोठ्याने हसत असे, भपकेबाज पोशाख करीत असे. अमरापूरकरांनी मात्र आवाज खाली आणला, आणि ज्याला ओरडण्याची गरजच उरलेली नाही अशा माणसाची शांत, तृप्त, जवळजवळ गृहस्थी दुष्टता पडद्यावर आणली. पुढे १९९१ साली महेश भट्ट यांच्या 'सडक'मध्ये त्यांनी साडी नेसलेली, कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी 'महाराणी' उभी केली, आणि नकारात्मक भूमिकेसाठी म्हणून 'फिल्मफेअर'ने नव्यानेच सुरू केलेले पारितोषिक प्रथम त्यांच्याकडे आले. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी ते वारले. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी, २८ ऑगस्ट २०२० रोजी, 'सडक २' आला. पहिल्या भागाच्या अखेरीस महाराणीचा अंत झालेला, नट कैलासवासी, तेव्हा महाराणी परत येणे सर्वथा अशक्य होते. तरीही प्रेक्षक तिलाच शोधीत होते. तिच्या जागी आले मकरंद देशपांडे, एका भोंदू गुरूच्या वेषात, आणि त्या गुरूचे नाव ज्ञानप्रकाश.

चित्रपट सुमार होता, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र महाराणी नाही म्हणून तो निर्जीव झाला, ही जी फिर्याद सर्वत्र ऐकू आली, तिच्यात एक धर्मशास्त्रीय गृहीतक दडलेले आहे, आणि ते आपल्या परंपरेशी मुळीच जुळणारे नाही. ते गृहीतक असे की, खलत्व हे त्या त्या व्यक्तीच्या अंगचे, तिच्या चेहऱ्याशी आणि आवाजाशी कायमचे जखडलेले असते. ती व्यक्ती गेली की ते गेले, आणि दुसऱ्याने ते अंगावर घेतले तर ते नकली.

भागवताने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तिसऱ्या स्कंधात कथा येते की वैकुंठाच्या सातव्या दाराशी उभ्या असलेल्या जय आणि विजय या द्वारपालांनी सनकादिक चार कुमारांना अडवले आणि त्यांच्या शापाने दोघांना खाली यावे लागले. लोकपरंपरा या कथेला एक मोठी मार्मिक पुस्ती जोडते: भक्त म्हणून सात जन्म, की शत्रू म्हणून तीन, यांतून निवड करण्याची मुभा त्यांना मिळाली, आणि स्वामींच्या दाराशी लवकर रुजू व्हावे म्हणून त्यांनी शत्रुत्व पत्करले. मग हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू; मग रावण आणि कुंभकर्ण; मग शिशुपाल आणि दंतवक्त्र. तीन युगे, तीन देह, तीन निरनिराळे स्वभाव, आणि आत तेच दोघे. प्रतिपक्षी देवही दर खेपेस नव्या रूपात: वराह-नृसिंह, राम, कृष्ण. म्हणजे ज्याला आज आपण भूमिकेसाठी नवा नट निवडणे म्हणतो, त्याचा पुराणकारांनी किती निःसंकोचपणे अवलंब केला होता ते पाहावे. रावणाचा दरारा शिशुपालात नाही, म्हणून द्वापरयुग फिके पडले, अशी तक्रार कोणा ऋषीने केल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक शिशुपाल हा दशाननाच्या तुलनेने फारच किरकोळ, नुसता शिवराळ मनुष्य आहे.

तक्रार केली ती युधिष्ठिराने, आणि ती निराळ्या स्वरूपाची. सातव्या स्कंधात तो नारदाला विचारतो की, ज्याने आजन्म श्रीकृष्णाची निंदा केली, त्या शिशुपालाचे तेज सर्वांच्या देखत श्रीकृष्णातच कसे विलीन झाले? नारदाच्या उत्तराचा आशय असा की, ध्यास प्रेमाचा असो, भयाचा असो वा द्वेषाचा असो, मन ज्याच्या ठायी अखंड लागले त्याच्याशीच ते एकरूप होते. विरोधभक्तीचा हा सिद्धान्त आपण नेहमी खलनायकाला लावतो. तो प्रेक्षकाला लावून पाहण्यासारखा आहे. ज्याने महाराणीचा पुरेपूर तिरस्कार केला, तिच्या नुसत्या प्रवेशाने ज्याच्या अंगावर काटा आला, तोच तीस वर्षांनी ती हवी म्हणून हट्ट धरतो. त्याचा द्वेष नकळत भक्तीच्या दाराशी येऊन ठेपलेला आहे, आणि सगुणाचा उपासक जसा मूर्ती बदलू देत नाही तसा तोही या विग्रहाच्या जागी दुसरा विग्रह खपवून घेत नाही. 'आदिपुरुष'ची झलक २०२२ च्या ऑक्टोबरात दाखवली गेली तेव्हा रावणाच्या दाढीवरून आणि केशभूषेवरून जो गहजब झाला, त्याचे मूळ हेच. १९८७ च्या दूरचित्रवाणीवरील मालिकेत अरविंद त्रिवेदींनी जो रावण दाखवला, तो घरोघरी जणू प्रतिष्ठापित झाला होता. वाल्मीकीला त्याविषयी विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

या हट्टापासून सर्वथा मुक्त असा एक रंगमंच मात्र आपल्याकडे आहे. नाशिक-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. मुखवटे गावाचे असतात, ते धारण करणारे बदलतात. रावणाचा मुखवटा चढवून यंदा जो नाचला त्याच्या जागी काही वर्षांनी दुसरा येतो, आणि गावाला त्यात काहीच खटकत नाही. मुखवटा हे तिथे वतन आहे, धारण करणारा त्याचा तात्पुरता उपभोक्ता.

परंतु खलत्व हा केवळ हुद्दा मानला, तर दोष कोणाचा राहिला? आज्ञेने पाठवलेला द्वारपाल रावण झाला, तर सीताहरणाची जबाबदारी कोणावर? हा आक्षेप खरा आहे. तथापि जय-विजयांना शाप झाला तो मुळात हुद्द्याच्या गुर्मीमुळेच, हे विसरता कामा नये. आणि रावणाचा पूर्ववृत्तान्त काहीही असो, रामाच्या बाणातून त्याला सवलत मिळालेली नाही. नेमणूक वरून झाली म्हणून करणाऱ्याचे उत्तरदायित्व माफ होत नाही. 'अर्धसत्य' याबाबतीत पुराणापेक्षाही कठोर आहे. तेथील अनंत वेलणकर हा सरकारी हुद्देदार, सबइन्स्पेक्टर. कोठडीतला एक मनुष्य त्याच्या माराने मरतो. आणि अखेरीस तो रामा शेट्टीचा गळा दाबून स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. खलाचा नाश होतो खरा, पण नाश करणाऱ्याच्या नावे त्या वतनाचा काही हिस्सा आधीच दाखल झालेला असतो. (ज्या ओम पुरींनी वेलणकर केला, त्यांनीच पुढे 'भारत एक खोज'मध्ये औरंगजेब केला. तो बादशहा १७०७ साली आमच्या भिंगारजवळ मरण पावला. त्याची भूमिका आजवर कितीजणांनी केली, आणि अमुकच नट हवा म्हणून कोणी अडून बसल्याचे मला तरी माहीत नाही.)

आता नेवाशाकडे वळतो, कारण या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. प्रवरेच्या काठी वसलेल्या या गावी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरील भाष्य पुरे केले. ज्या गीतेत दुष्कृतांच्या विनाशासाठी युगायुगांत अवतरण्याचे अभिवचन आहे, आणि सोळाव्या अध्यायात दैवी व आसुरी संपत्तीची वाटणी एखाद्या तहनाम्यातील हद्दींप्रमाणे रेखून दिलेली आहे, तिचेच विवरण करून झाल्यावर ज्ञानदेव विश्वात्मक देवापाशी जे मागतात, त्यात दुष्टांचा संहार नाही. त्यांच्या ठिकाणचे वाकडेपण तेवढे जावे, एवढेच मागणे आहे. त्या मागण्यात वाकडेपण आणि माणूस ह्या दोन वस्तू वेगळ्या धरल्या आहेत, आणि एक काढून घेतल्यावर दुसरा शिल्लक राहतो, त्याला काही चांगले करण्याची इच्छाही होऊ शकते, असे मानलेले आहे. माझ्या मते खलनायकाविषयीचा याहून धाडसी विचार आपल्या भाषेत झालेला नाही. मात्र त्यातून निष्पन्न होणारी अडचणही पाहावी: वाकडेपण जर माणसापासून सुटे होऊ शकते, तर एकापासून सुटलेले ते दुसऱ्याकडे का जाऊ नये? महाराणी मेली, तिचे वाकडेपण एका गुरूच्या अंगात आले, आणि ज्ञान व प्रकाश ही दोन्ही पवित्र नावे धारण करून बसले. प्रेक्षक रागावले ते याच कल्पनेवर. मला त्या चित्रपटात एवढी एकच कल्पना शहाणपणाची वाटली.

याच नेवाशात मोहिनीराजाचे देऊळ आहे, होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधलेले. समुद्रमंथनानंतर विष्णूने स्त्रीरूप घेऊन अमृत वाटले. राहू वेषांतर करून देवांच्या पंक्तीत बसला. सूर्य-चंद्रांनी त्याला ओळखले आणि चक्राने त्याचे मस्तक उडाले. शिर पडले ते राहुरीस आणि धड पडले ते कायगावास, असे या बाजूचे लोक सांगतात. परंतु अमृताचा घोट तोवर कंठात उतरला होता, म्हणून तो मेला नाही. एकाचे दोन झाले, आणि नवग्रहांत दोन आसने मिळवून पूजेचे धनीही झाले. शेजारीच शिंगणापूर आहे, जिथे शनीच्या भरवशावर घरांना दारे नसतात आणि जय-विजयांना चाकरी मिळण्याची आशा नाही. पण ते असो.

सांगावयाचे ते हे की, त्या कथेत पुरुषाने स्त्रीरूप धारण करणे हे देवाचे लक्षण आहे आणि पंक्तीत सभ्य वेषात बसणे हे असुराचे. 'सडक'ने हे नेमके उलटे केले. साडी नेसलेल्या पुरुषदेहालाच त्याने भयाचे चिन्ह ठरवले, आणि अमरापूरकरांचा अभिनय इतका प्रभावी होता की त्या चिन्हाचा भार तृतीयपंथी समाजाला वर्षानुवर्षे वाहावा लागला असला तर मला आश्चर्य वाटणार नाही. रसिकांचा हट्ट पुरवून नवी महाराणी आणली असती, तर तो अन्याय दुपटीने झाला असता.

आणि तात्यांचे काय? ज्या नटाला लोकांनी दुष्टतेचे कायमचे वतन लिहून दिले, त्याने १९७९ च्या '२२ जून १८९७' या चित्रपटात लोकमान्य टिळकांची भूमिका केली होती, हे आता फार थोड्यांच्या लक्षात आहे. २०१४ च्या मार्चमध्ये, म्हणजे मृत्यूपूर्वी काही महिने, होळीच्या दिवशी मुंबईत पाण्याची नासाडी करणाऱ्यांना त्यांनी हटकले आणि त्याबद्दल मारहाण सोसली. दुष्काळी नगरच्या माणसाला पाणी वाया जाताना पाहवत नाही, यात नवल नाही. मारणारे सण साजरा करणारे सामान्य नागरिक होते.

'सडक'चा तिसरा भाग निघालाच, तर ती भूमिका कोणाकडे जावी याविषयी माझी कोणतीही अट नाही. १९९१ च्या नायकाकडेही ती सोपवता येईल, कारण संजय दत्त यांनी २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये डॅनी यांच्या कांचा चीनाचा वारसा चालवून आपली पात्रता सिद्ध केलेली आहे. हरकत घेईन ती एवढ्याचसाठी, की त्या नटाला पुन्हा साडी नेसवू नये, आणि अमरापूरकरांच्या आवाजाची नक्कल करावयास लावू नये.