दोन वर्षे की सत्तर?



आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर यिर्मयाच्या ग्रंथातील एक वचन लावलेले दिसते : अध्याय २९, वचन ११. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे बेत आहेत, तो तुम्हाला आशा देऊ इच्छितो, असा त्याचा आशय. वचन सुंदरच आहे. पण त्याच्या आधीचे दहावे वचन भिंतीवर कोणी लावत नाही. हे सारे सत्तर वर्षांनंतर घडेल, असे त्यात सांगितले आहे.

इ.स.पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेसर राजाने जेरुसलेमचा राजा, सरदार आणि कारागीर यांना पकडून बाबिलोनला नेले. त्या लोकांना यिर्मयाने हे पत्र पाठवले. चाळिशीतल्या माणसाने ते ऐकले तेव्हा त्याला लगेच कळले असेल की, परतीचा दिवस आपल्या नशिबी नाही. आणि पत्र तर म्हणते, घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा. ज्यांनी तुम्हाला पकडून नेले त्यांच्याच नगरासाठी प्रार्थना करा.

त्याच काळात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. त्याने यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू सर्वांसमक्ष मोडले. लोकांना दोघांपैकी कोण आवडला असेल, हे सांगायला नको! पण दोन वर्षांत कोणी परतले नाही. उलट काही वर्षांनी जेरुसलेमचे मंदिरही जळाले. परतीची परवानगी कोरेश राजाने दिली ती इ.स.पूर्व ५३८ मध्ये.

आपण आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा आपल्यातला हनन्या जागा होतो. "विश्वास ठेवा, देव तुम्हाला नक्की बरे करील," असे आपण सांगून टाकतो. हेतू चांगलाच असतो. पण देवाच्या नावाने हा शब्द द्यायला आपल्याला कोणी सांगितले? माणूस दगावला की घरची माणसे रात्र रात्र विचार करतात, आमचाच विश्वास कमी पडला का? दुःखाच्या जोडीला अपराधाचे ओझे. हे ओझे त्यांच्या डोक्यावर आपण ठेवलेले असते, आणि आमच्या मते हा लहानसहान दोष नाही.

मग काय, आजाऱ्याची आशाच काढून घ्यायची? तसे नाही. हनन्याचे बोलणे ऐकून यिर्मया आधी "आमेन" म्हणाला होता. तसे घडावे अशी त्याचीही इच्छा होती. आजारी बरा व्हावा म्हणून आपण रोझरी म्हणावी, धर्मगुरूंना बोलावून पवित्र तेलाचा अभ्यंग द्यावा. मागणे वेगळे आणि देवाच्या वतीने तारीख सांगणे वेगळे.

त्या पत्रात तारखेपेक्षा मोठी एक गोष्ट आहे. देव मंदिरात भेटतो, असे मानणाऱ्या लोकांना मंदिरापासून शेकडो मैल दूर सांगितले गेले की, तुम्ही हाक मारा, मी ऐकेन. शोधा, मी सापडेन. परक्यांच्या त्या नगरातही त्यांना मिळालेले संरक्षण ते हेच. संकट टळले नाही, पण संकटात ते देवावाचून राहिले नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी आजाऱ्याकडे जाताना भविष्य घरीच ठेवून जाऊ या. जवळ बसावे, त्याला काय खावेसे वाटते ते विचारावे, त्याची इच्छा असेल तर सोबत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावे. आणि निघताना, येत्या गुरुवारी पुन्हा येतो, असे सांगून खरोखरच गुरुवारी जावे.